तपासणी

बत्तीस वर्षं मी नोटांचे ताव उजेडाला धरले.
नाशिकरोडचा भोंगा झाला की आत,
भोंगा झाला की बाहेर, खिसे उलटे करून.
शाई पसरलेली, नंबर घसरलेला, कडेला एखादा केस,
काढ बाजूला. मग यंत्र, मग भुगा.
डोळ्यांची खोड गेली नाही. लग्नपत्रिका आली
की आधी काना-मात्रा बघतो, मग वधूवर.

संघमित्रा सिव्हिलच्या लॅबमध्ये असते.
डबा द्यायला गेलो तर म्हणाली, बसा,
आणि माझ्याच स्वेटरची चेन खाली ओढली:
पेशीचे दोन व्हायच्या आधी हे असं उसवतं, बाबा.
दोन्ही बाजू एकट्या.
प्रत्येक दातासमोर त्याचाच जोडीदार येऊन बसतो,
दुसरा चालत नाही.
दोन चेन होतात. प्रत्येकीत एक बाजू जुनी, एक नवी.

"आणि मूळ ठसा? तो कुठल्या तिजोरीत?"
नसतो, म्हणाली.
मूळच उसवतं. मूळच वाटलं जातं.

तीनशे कोटी अक्षरं, आठेक तासांत.
"म्हणजे तुमची एक ड्यूटी."
तपासनीस आतच बसलेला. चुकलं की एक पाऊल मागे,
खोड, नीट लाव, पुढे चल.
त्याच्या नजरेतून सुटतं का गं कधी?
तिनं बाकड्याकडे पाहिलं.

बाकड्यावर यमुना गावित, वय अकरा, सुरगाण्याची,
गुडघे पोटाशी घेऊन. हाडं ठणकतायत.
रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी.
एक अक्षर.
आईकडून तेच आलं, बापाकडूनही तेच.
कधीकाळी एकदाच सुटलेली चूक
पुढच्या प्रत्येक हातानं इमानानं उतरवली.

माझी बोटं सवयीनं हलली: ताव बाजूला काढा.
मित्रा म्हणाली, एकाच बाजूनं आलं असतं
तर हिवतापाला ही सहजी सापडली नसती.
डोंगरात हिच्या खापरपणज्या तगल्या
त्या याच अक्षरावर.

मी गप्प. आमच्या रजिस्टरात असा रकाना नव्हता.

यमुनाच्या आईला एसटीसाठी सुटे हवे होते.
शंभराच्या बदल्यात दहा-दहाच्या काढल्या,
एकेक उजेडाला धरली.
एकीचा नंबर जरा तिरका वाटला.
दिली.

यमुनानं मोजल्या. दहा.
मग पहिल्यापासून पुन्हा मोजल्या.