मापाबाहेरचा जोडा

उणे तेवीस. ओउलूमध्ये पहाटेचे चार.
साडेचारला बेकरीची भट्टी पेटते,
आणि मधे साडेसहा किलोमीटर बर्फ,
रात्रीच यंत्राने दाबून, विंचरून ठेवलेला.

उन्हाळ्यात माझे बूट पेडलमध्ये अडकायचे.
खट्! की पाय सायकलचा झाला.
त्या आवाजाची मला चटक लागली होती;
वाटायचं, एवढं घट्ट धरलेलं
कधीच निसटत नाही.
नोव्हेंबरात, पुलाच्या उतारावर,
तेच झालं. काहीच निसटलं नाही.
मी आणि सायकल, एकमेकींना न सोडता
काळ्या बर्फावर आडव्या.
टाच थोडी बाहेर वळवायची असते, एवढंच.
बर्फ तेवढाही वेळ देत नाही.

शिवाय तळव्याखालचा तो पोलादी तुकडा,
अर्ध्या बिस्किटाएवढा.
थंडी तिथूनच आत येते, किल्ली हातात असल्यासारखी.
आधी बोटांना मुंग्या येतात.
मग मुंग्याही जातात.
मुंग्या गेल्या की घाबरायचं.

दुकानातल्या ईलिसने नवे बूट पुढे ठेवले:
आत लोकर, बाहेर पाणी शिरणार नाही अशी कातडी,
किंमत म्हणजे माझं चार रात्रींचं पीठ मळणं.
घालून पाहिले. मापाचे. अगदी मापाचे.
आरशात पाय शहाण्यासारखे दिसत होते.

जिन्यात तावेट्टी भेटला,
चाळीस हिवाळे सायकलवरून टपाल वाटलेला.
“मापाचे?” त्याने असं विचारलं
जणू मी पिठात मीठ घालायला विसरले.
“मापाचा जोडा उन्हाळ्यात, पोरी.
ऊब बुटात नसते.
बूट आणि पाय यांच्यामधे जे काही नसतं ना,
त्यात असते. तिला चेंगरू नकोस.”
मग हाताची मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली:
पायाच्या बोटांना हे जमलं पाहिजे.
“आणि पेडल रुंद घे, खिळ्यांचं.
तळव्याला चावेल, पण धरून ठेवणार नाही.”
चावणं आणि धरून ठेवणं यातला फरक
त्याने समजावला नाही.
तो मला ठाऊक होता.

दाराच्या आत, कोटांच्या खाली,
उर्होचे बूट दोन वर्षं उभे होते.
त्रेचाळीस नंबर. माझा चाळीस.
आत नमदा, खाली जाड रबर, टाचेशी वंगणाचा डाग.
तो दक्षिणेला गेला तेव्हा जून होता,
म्हणून हलके घालून गेला.
लोक म्हणायचे, काय जोडा आहे!
होतोच आम्ही, एकमेकांच्या अगदी मापाचे.
कुठे चावतंय ते
त्यानेही सांगितलं नाही, मीही नाही.

दोन मोजे घातले, एक पातळ, एक आजीच्या विणीचा,
तळाला पुठ्ठ्यासारखा नमद्याचा तुकडा,
आणि पाय आत सरकवला.
बोटांनी मूठ मिटली. उघडली.
पेडल घेतलं नायलॉनचं, पिवळं, बेढब,
एकेका बाजूला दहा खिळे.
ईलिसने ते पिशवीत घातलं
तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

आता चार वाजता निघते.
चाकाखाली बर्फ पावाच्या कवचासारखा चुरचुरतो.
कारखान्याच्या धुराचा खांब सरळ वर,
वारा नाही, कुत्रा नाही,
फक्त पुढे कुणाचा तरी लाल दिवा डुलतो आहे.
सिग्नलला पाय उचलते, जमिनीवर टेकते.
कुणाला विचारावं लागत नाही.
पहिले चार दिवस मात्र
टाच उगाचच बाहेर वळायची,
सुटायला.

फेब्रुवारीत उर्होचा फोन आला.
तळं गोठलंय, मासे धरायला जायचंय,
ते बूट अजून असतील ना?
“आहेत. वापरात आहेत.”
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, “तुला मोठे होत नाहीत?”
“होतात,” मी म्हटलं.
भट्टीतून पाव काढायची वेळ झाली होती.