हाताचं वजन

दांडिया बाजारात फरसाणाच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिन्याला कठडा नाही, धरायला दोर आहे.
वर चार गाद्या, सहा लोड, घड्या घातलेली घोंगडी,
आणि डोळ्यांवर ठेवायला
जुन्या बांधणीच्या पिशव्या, आत अळशी.
प्रज्ञानं दहा वेळांचे पैसे परस्पर भरलेत,
नाहीतर मी कशाला येते.

"योग म्हणजे डोक्यावर उभं राहायचं का?"
"नाही हो," तरलिकाबेन म्हणाल्या, "इथे नुसतं पडायचं."
नुसतं पडायचं!
एवढ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

पाठीखाली लोड, गुडघ्यांखाली लोड,
मांड्यांवर वाळूची पिशवी
(दळणाचा डबा, मी मनात तोलते, पाच किलो).
मग त्या उशाशी बसतात,
माझा उजवा हात मनगटात आणि कोपरात धरून
कानाकडे नेतात, ताणतात,
थांबतात, श्वास सुटला की आणखी थोडा ताणतात,
आणि सोडून देतात.

हात तसाच हवेत.
बस थांबवायला केल्यासारखा.
"तमे मदद करो छो," त्या हसतात.
मदत करताय तुम्ही मला. करू नका.

आता ही खोड कशी सांगू.
तीन वर्षं दोन महिने
ह्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवलं,
रात्री गजर लावून.
नर्सबाईनं दाखवलं होतं:
गुडघा वाकवायचा, खांद्याखाली हात सारायचा,
एक, दोन, आणि तीनला ओढायचं.
तीन मी मोठ्यानं म्हणायचे,
जणू तेही जोर लावणार आहेत.
डावा हात भिजलेल्या गोधडीसारखा.
सदरा चढवायचा तर बाहीतून आधी माझा हात घालून
त्याला आत बोलवावं लागे.

माणसाच्या हाताचं खरं वजन मला विचारा.
धडधाकट माणूस आपला हात
पुरता देत नाही कुणाला,
थोडा स्वतःच उचलून धरतो, भिडेखातर.

म्हणून भीती.
सोडला आणि पडला
तर तो ह्यांचा हात होईल.

बाहेर उतराणचे दिवस. गच्चीगच्चीवर पोरं.
"ढील आप, ढील!" एक जण ओरडतोय,
दुसरा म्हणतोय, खेंच.
पतंग बिचारा एकच असणार.
तरलिकाबेन खिडकी लावत नाहीत.
"ढीलुं मूको," म्हणतात.

मूको म्हणजे ठेवा, सोडा.
साताऱ्याहून नवी सून म्हणून आले
तेव्हा दूधवाला म्हणाला, तपेली नीचे मूको,
आणि मला वाटलं, मुकी हो म्हणतोय.
तपेली छातीशी धरून उभी राहिले, गप्प.
सासरे किती हसले होते.
तपेली ठेवली तेव्हाच. गप्प मात्र
बरीच वर्षं राहिले.

पाच वेळा हात हवेतच राहिला.
सहाव्या वेळी खालून उसळीचा वास आला,
मसाला करपतोय, कुणी बघत कसं नाही,
असं मनात येतंय तोवर
काहीतरी जड, उबदार
तरलिकाबेनच्या तळव्यांत पडलं.
ते माझं आहे हे कळायला
मला जरा वेळच लागला.

त्या काही बोलल्या नाहीत.
मोड आलेल्या मटकीची ओली पुरचुंडी धरावी
तशा दोन्ही हातांनी धरून बसल्या.
गच्चीवर कुणाचा तरी कापला असावा,
केवढा गिल्ला झाला.
अळशी भिजली की चिकट होते,
मला माहीत आहे, पिशवी फुकट जाते.
तरी डोळ्यांवरून ती काढली नाही.

अजून चार वेळा उरल्यात.
डावा हात बाकी आहे.