परस

फॉर्मचं चौथं पान मी नेहमी शेवटी भरते,
खरं सांगायचं तर दारात, चपला घालता घालता.
वर छापलंय : आध्यात्मिक गरजा.
खाली एक रेघ, बोटभर.
परभणीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
घाई करू नका, पेशंटला बोलू द्या.
दिवसाला सात घरं, मधे येलदरीचा रस्ता,
बोलू द्यायचं कधी?
बहुतेकदा लिहिते : देवाचं नाव घेतात.

मुंजाजी गरुड, वय एकाहत्तर, घशाचा कॅन्सर.
नाकातून नळी. आवाज सुपात ज्वारी पाखडल्यासारखा.
धंदा : पाणाड्या.
तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचे,
नारळ उभा राहिला की टाच रोवायची : इथं.
जिंतूर तालुक्यात एकवीस विहिरी त्यांच्या टाचेच्या.
आता चमचाभर पाणी उतरत नाही.
केवळबाई ओल्या फडक्यानं ओठ टिपते
आणि स्वतः तांब्या घेऊन गोठ्यामागं जाते,
त्यांच्यासमोर पीत नाही.

"दहापैकी किती दुखतंय, बाबा?"
"सात परस."
परस म्हणजे हात वर करून उभा माणूस,
विहिरीत.
मी सात लिहिलं.
बिराजदार डॉक्टरांना फोन केला, मॉर्फिन वाढवलं.
दुखणं तीनवर आलं, झोप आली नाही.
रात्री उठून बसतात, केवळबाई म्हणाली,
बाजेच्या कडेवरून वाकून खाली बघतात,
जसं काही खाली लई खोल हाय.

गावातल्या महाराजांना आणलं.
अंगारा लावून घेतला, पाठ फिरवून निजले.
सुनेनं मोबाइलवर भजन लावलं,
हातानंच खूण केली, बंद कर.

त्या दिवशी मी बसले, कारण स्कूटी पंक्चर होती.
पुण्य माझं नाही.
नातू चाक घेऊन गेला, तासभर लागणार होता.
बराच वेळ कुणीच बोललं नाही,
कोंबडी घरात आली, बाजेखालून फिरून गेली.
मग ते म्हणाले,
"बाविसावी कोरडी गेली."
चारठाण्याची बाई. नवऱ्यामागं उरलेलं डोरलं मोडून
तिनं विहीर धरली होती.
"नारळ उभा ऱ्हायला व्हता, सिस्टर.
का माझाच हात हालला?"

"देवाशी बोलायचंय का?" मी ट्रेनिंगमधलं विचारलं.
"देवाचं अन् माझं भांडण न्हाई.
मस्तानला बोलवा."

मस्तान शेख, बोरीचे, सुरुंगवाले.
उजव्या हाताची दोन बोटं बारुदीनं नेलेली.
शुक्रवारची नमाज उरकून आले,
टोपी घडी करून खिशात, बाजेच्या पायथ्याशी बसले.
आधी दगडांवर बोलले दोघं :
मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण,
मेलेल्या सोयऱ्यांची नावं घ्यावीत तसे.
मग मस्तानभाई खाली बघत म्हणाले,
"तू आठ परस बोलला होता. मी साडेसहावर सोडली.
छिन्न्या मोडल्या, ईद जवळ आली, पोरं घरी निघाली.
बाईला बोललो, खाली काय नाही.
नारळ खोटा नव्हता, मुंजा."

खरं होतं, की आत्ताच, बाजेजवळ बसून खणून काढलेलं,
मी विचारलं नाही.

मुंजाजी त्या तीन बोटांकडे बघत राहिले.
मग केवळबाईला म्हणाले, "याला पाणी दे."
ती थबकली. तांब्या आणला.
मस्तानभाई प्याले, त्यांच्यासमोर, वरून, घटाघटा,
आणि मुंजाजी
तो घोट गळ्यातून उतरताना बघत होते,
कुठवर जातो मोजल्यासारखे.

बाई वारली होती, तीन वर्षांखाली.
तिच्याकडं जायचं राहिलं. ते राहिलंच.

त्या रात्री चारपर्यंत झोपले. डोस तोच होता.
नवव्या दिवशी गेले.

चौथ्या पानावर मी लिहिलं होतं :
मस्तान शेख, बोरी. पुढं मोबाइल नंबर.
ऑफिसातून विचारणा आली,
सदर इसम पेशंटचे नातेवाईक आहेत काय?
कागद अजून माझ्या बॅगेत आहे.
उत्तर पाठवलेलं नाही.