आतल्या चुणीत

पीरेट शेवटच्या बोटीने आली,
ओले बूट दारातच काढले
आणि माझ्या मागावर पुठ्ठ्याचा एक पंखा उलगडला.
पाच रंग. प्रत्येकाला बारसं झालेलं नाव.
राखी गुलाबी. वाळल्या पाल्याचा हिरवा.
एकाला ती 'ओटमील' म्हणाली.
ते आम्ही सकाळी खातो, मी म्हटलं,
अंगावर सांडलं तर पुसतो.

ती हसली नाही.
ताल्लिनमध्ये आता अशीच लग्नं होतात म्हणे :
सगळ्या बायका या पाचातल्याच रंगात,
म्हणजे फोटो कसा एकजीव दिसतो.

अगं, या किहनू बेटावर
बाई रस्त्याच्या टोकाला दिसली
की चेहऱ्याच्या आधी तिचा घागरा वाचता येतो.
तांबडाभडक असला तर हात हलवून पुढे जावं.
निळे-काळे पट्टे असले
तर सायकलवरून उतरावं.
मग वर्ष सरतं, काळ्यात एक तांबडी रेघ येते,
सुईने ओरखडल्यासारखी,
पुढच्या हिवाळ्यात दुसरी,
आणि सगळं गाव तोंडातून अक्षर न काढता
मोजत असतं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून सालमे गेली,
मोटरसायकलच्या बाजूच्या डब्यात बटाट्यांची पोती,
फेब्रुवारीपासून नखशिखान्त काळी.
जा, मी म्हटलं, तिला सांगून ये
राखी गुलाबी घाल म्हणून.

पीरेट बराच वेळ धोट्याशी चाळा करत बसली.
मग तिने विचारलं, आईच्या घागऱ्यात आता किती रेघा आहेत?
दोन, मी म्हटलं.
(रेनला जाऊन तिसरं वर्ष.
फिनलंडमधली परात. त्याबद्दल त्या घरात
अजून कोणी पूर्ण वाक्य बोललेलं नाही.)

आम्ही लडी बाहेर काढल्या.
तांबडा म्हणजे काही एक रंग नव्हे.
मंजिष्ठेच्या पहिल्या उकळीचा वेगळा, घट्ट, जवळजवळ उद्धट;
तिसऱ्या उकळीचा नरमलेला;
पाचव्यात उरतो तो
पोराच्या खरचटलेल्या गुडघ्याचा.
तिने पहिला उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.
माझ्यासाठी हाच, म्हणाली,
बाकीच्यांचं ज्याचं त्याला ठाऊक.

माझ्या मागाचा एक पाय आखूड आहे.
तो पुठ्ठा चार घड्या करून तिथे सरकवला.
छान बसला.

ऑगस्टमध्ये, रात्री अकराला, हेल्यू आली.
लेकीच्या लग्नाला नऊ दिवस.
हातात स्वतःचा घागरा, कागदात गुंडाळलेला,
चोरून आणल्यासारखा.
एक रेघ वाढवायची आहे, म्हणाली,
पण दिसायला नको.
मग कशाला? मी विचारलं नाही.
चुण्या असतात ना, ती म्हणाली, त्यांच्या आत.
उभी राहिले की मिटलेली,
कोणाच्या मोजणीत येणार नाही अशी.
कोणता तांबडा?
तिने दिव्याखाली लडी हुंगल्या, हो, हुंगल्या,
आणि पाचव्या उकळीचा दिला.

विणलेल्यात नवा धागा ओवणं म्हणजे
डोळ्यांचं वाटोळं. पण केलं.

लग्नाला नवऱ्याची आई तार्तूहून आली,
डोक्यापासून बुटांपर्यंत ओटमील;
तिला बेत बदलल्याचं कोणी कळवलंच नव्हतं.
दुपारपर्यंत बायकांनी तिच्या कमरेला
आळीपाळीने तीन विणलेले पट्टे बांधले होते
आणि तिचं तिलाच आरशात बघून हसू येत होतं.
सालमे काळ्यात, दारापाशी, बिअरचा मग धरून;
पाय मात्र ताल देत होता, तिच्या नकळत.

हेल्यू अकॉर्डियनजवळ हात बांधून उभी.
दोन रेघा. नीट इस्त्री केलेल्या चुण्या.
पीरेटने येऊन तिचे हात सोडवले,
एक शब्द न बोलता मधे ओढलं.

मी चष्मा पुसत होते.
वर पाहिलं तेव्हा पहिली गिरकी होऊन गेली होती.
दुसरीची वाट बघत
मी बाकाच्या कडेवर सरकून बसले.