मागचा गळा

नवरात्राला अकरा दिवस उरलेले.
दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात
चणियाचोळ्यांचा ढीग मशीनपेक्षा उंच.
फाल्गुनी दिघे माप द्यायला पडद्यामागे आली,
पाठ माझ्याकडे केली
आणि हातातली टेप तिथेच थांबली.

मणक्याच्या दोन्ही अंगांना लाल पट्टे,
खांद्यांवर फाकलेले, कुठे जांभळट,
ठिपक्याठिपक्यांचे.

बत्तीस वर्षं पाठी मोजतेय मी.
"मागचा गळा जरा वर घ्या हं, कुंदाबेन,"
असं कुणी सहज म्हणालं की कारण विचारत नाही.
बाही कोपराखाली नेते,
अर्धा इंच माया जास्त सोडते,
त्याचे पैसे लावत नाही.
एवढंच येतं मला.

म्हणून म्हटलं, "गळा बंदच ठेवू का?"
आधी कळलंच नाही तिला.
मग हसत सुटली, इतकी की
बाहेर काज करणारी शकू ओरडली, "सूं थयुं?"

"अहो, गुआ शा! चिनी उपाय आहे.
तेल लावून गुळगुळीत कडेने खरवडतात.
मान धरली, खांदा भरून आला, डोकं ठणकलं, की.
शा म्हणजे वाळू म्हणे. आत अडलेली, ती वर येते.
दुखत नाही काही. चार दिवसांत जातं."

सगळ्याच म्हणतात, दुखत नाही.
सगळ्याच म्हणतात, चार दिवसांत जातं.
मी वहीत लिहिलं: पाठ चौदा, गळा
आणि पुढे जागा कोरी सोडली.

ते दिसलं असावं तिला.
पर्समधून सूप प्यायचा चिनीमातीचा चमचा काढला.
"बसा. मशीनला रोज तेल घालता, मानेला कधी?"
कानामागून खांद्यापर्यंत, एकाच दिशेने,
कापडावर खडू ओढावा तसा.
झणझणलं. मग गरम झालं.
मग मान डावीकडे वळली,
होळीपासून वळत नव्हती तिकडे,
आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.
अजून मार्चवरच होतं.

रात्री जेवताना ह्यांनी माझी मान पाहिली.
घास ताटात ठेवला,
उठून दार लोटलं, आणि अगदी हळू:
"कुणी?"
"चमच्याने," मी म्हटलं, आणि हसू आलं,
आणि मग आलंच नाही.
एका शब्दाचा असतो होय हा प्रश्न.

पाचव्या दिवशी फाल्गुनी फिटिंगला आली.
पाठ कोऱ्या मांजरपाटासारखी.
गळा खोल कापला, तीन दोऱ्या, घुंगरांची लटकन.
गिरकी घेऊन बघितली तिने तिथल्या तिथे.

ती गेल्यावर आणखी एक आली.
नाव सांगत नाही.
ओढणी सावरत म्हणाली,
"मागचा गळा जरा वर घ्या हं, कुंदाबेन."

मी टेप गळ्यातून काढून ठेवली.
शकूला चहा आणायला पाठवलं,
लांबच्या, लकडी पुलाजवळच्या टपरीवर.
पडदा शेवटच्या कडीपर्यंत ओढला.