सोळा खण

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लोण्याच्या डबीशेजारी,
नखाएवढी चिप. तिच्या पोटात सोळा खणांचं कपाट:
चार खण, तीव्र स्वर किती उचलायचा त्याचे,
चार, कुठल्या उंचीपासून उचलायचा त्याचे,
उरलेले आठ खर्जाकडे.
एका खणात एकच वस्तू मावते, एक किंवा शून्य.

समोर औलिस, माझे वडील. एक्याऐंशी.
वाल्केआकोस्कीत कागदाच्या मशीनपाशी
चौतीस वर्षं उभे राहिलेले.
मशीन विकलं गेलं, सुटं होऊन कुठल्याशा बंदरातून गेलं,
पण त्याचा खर्ज यांच्या कानात राहायला आला
आणि त्यानं वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करून हुसकावली.
पहिला गेला हिप्पिआइनेन,
सहा ग्रॅमचा पक्षी, सुईच्या टोकानं गाणारा.
"आता तो इथे राहत नाही," वडील म्हणाले होते.
मी आणि आईनं एकमेकींकडे पाहिलं.
डोक्यावर अख्खा स्प्रूस किणकिणत होता.

कॅसेट शहाण्णवच्या जूनची. सौनाच्या पायरीवर
पक्ष्यासाठी ठेवलेला मायक्रोफोन,
आणि मध्येच बादली, माश्या, बटाटे, आई.

आधी खर्ज शून्यावर आणला.
मग तीव्र. एक पायरी म्हणजे दीड डेसिबल.
दोन. तीन. वडिलांचा चेहरा भिंत.
पाच. टेपची फुसफुस माझ्या दातांत शिरली.
सात. याच्या वर जागा नाही.
आणखी एक मिळवला तर आकडा उलटा फिरतो,
उचलणारा हातच
खाली दाबू लागतो.

पक्षी गातोय. मला ऐकू येतोय.
वडील मान हलवतात. नाही.
"राहू दे. बंद कर."

बंद करायचे दोन रस्ते.
एक, वीजच काढून घ्यायची; मग स्पीकर टक् करतो,
बाहेरून कडी घातल्यासारखा.
दुसरा, आवाज हळूहळू तळाला न्यायचा,
चिप जागी, नुसती गप्प.
मी दुसरा घेतला, दोनचार पायऱ्याच उतरले असेन,

"थांब. मागे ने."

टेपवर त्यांचाच आवाज, तरुण, घाईतला:
बटाटे टाकू का?
आणि मग ते. "यो."
आमच्याकडे असं हो म्हणतात, श्वास आत ओढत,
शब्द कसला, वाऱ्याची चिमूट.
आई नेहमी तसंच म्हणायची.
आणि वडील नेहमी: हेल्वी, विचारतोय मी,
उत्तर का देत नाहीस?
शेवटी शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं होतं.

"देत होती," वडील म्हणाले. माझ्याशी नाही.
मग, "परत."

परत. परत. पक्ष्याचं कुणी नावही काढलं नाही.
चिप कोमट झाली, डबीतलं लोणी एका बाजूनं मऊ.
पाचव्यांदा ते टेपच्या आधीच बोलले,
बटाटे टाकू का,
आणि पुढे झुकून थांबले.
मी बटणावरचं बोट उचललं.