उशाशी

ला पाझमध्ये हवा आधीच विरळ.
धडधाकट माणसाच्या रक्तातही
प्राणवायूचा आकडा नव्वदीला टेकून असतो;
पुस्तकात त्याला धोका म्हटलंय.
पहिल्याच आठवड्यात डॉक्टर वेलार्दे म्हणाल्या,
पुस्तक ठेव, नायरा. ते समुद्रकाठचं आहे.

पहाटे साडेपाचला यंत्र तपासायचं,
नळ्या, झडपा, सिलिंडर.
सिरिंजांवर चिकटपट्ट्या, स्वतःच्या अक्षरात,
कारण दुसऱ्याच्या अक्षरावर
कुणाला झोपवायचं नसतं.

मग हनुवटी. वर्षभर नुसती हनुवटी.
अंगठा आणि तर्जनी मास्कवर,
उरलेली तीन बोटं जबड्याखाली.
मांस नको, हाड धर.
रात्री पाव तोडतानाही करंगळी ठणकायची.

ऑक्टोबरात नळी चुकले.
पोट गुरगुरलं, छाती हललीच नाही.
बाई ओरडल्या नाहीत.
दारात उभ्या पोराला करावं तसं
कोपराला धरून मला बाजूला केलं,
आणि चार श्वासांत सगळं जागेवर.
नंतर जिन्यात म्हणाल्या,
चुकलीस ते ठीक.
चुकलंय हे कळायला किती वेळ लागला, तो मोज.
अकरा सेकंद.
अजून मोजते.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मॉनिटरवर
हिरवं फडकं टाकलं. ऐक.
प्राणवायू उतरला की सूर उतरतो,
कुणी अंधारात तळघरात जावं तसा,
पायरी पायरीने.
तिसऱ्या पायरीला हात पिशवीवर हवा.
माझा पाचव्या पायरीला जायचा.
मग चौथ्या.

सेवेरो चोके, चाळीस वर्षं कथलाच्या खाणीत,
फुप्फुसांचा दगड झालेला.
टेबलावर आडवे झाल्यावर आयमारात विचारलं,
मी परत येईपर्यंत तू इथेच ना?
सर्जनला नाही. मला.
इथेच, म्हटलं.
या औषधाची मात्रा
समुद्रकाठच्या पुस्तकातही नाही.

आमच्या बोलीत नायरा म्हणजे डोळा,
आणि नायरा म्हणजेच होऊन गेलेलं,
कारण तेच तेवढं समोर दिसतं.
येणारं पाठीमागे असतं.
उशाशी उभी राहून मी चेहरा उलटा बघते,
समोर रक्तदाबाची सरून गेलेली रेघ,
आणि पुढचं मिनिट
माझ्या मानेवर श्वास सोडत असतं.

जाग आल्यावर सेवेरोंनी
सर्जनचा हात कपाळाला लावला.
मला म्हणाले, बाई, पाणी मिळेल का?
पाणी अजून द्यायचं नव्हतं.
ओला कापूस ओठांवरून फिरवला.

तीस तासांनी घरी निघाले.
एल आल्तोला चढणाऱ्या केबलकारमध्ये
समोरची बटाटेवाली बसल्या बसल्या झोपली,
मान छातीवर, घोरणं अडकत अडकत.
मी खाली शहराचे दिवे बघत होते
आणि मोजत होते.
एक श्वास आलाच नाही.
हात आपोआप उठला
तिच्या हनुवटीकडे.

तिने डोळे उघडले. हॅट सावरली,
गाठोडं पोटाशी ओढलं.
काय गं, चोर आहेस की काय?

नाही, म्हटलं,
तिसऱ्या वर्षाला आहे.